परतीची धून

थंडी पडली की आमच्या सदाशिव पेठेत सकाळी दोन गोष्टी सुरू होतात. एक म्हणजे लोक कानटोप्या घालून 'यंदा थंडी अशी नाहीच' असं एकमेकांना सांगू लागतात. दुसरी म्हणजे समोरच्या शाळेच्या मैदानावर सव्वीस जानेवारीच्या संचलनाची तयारी. मी रक्ततपासणीच्या लॅबमध्ये कामाला आहे. उपाशीपोटी आलेली माणसं दारात ताटकळत असतात, म्हणून मला लवकर निघावं लागतं आणि ती तयारी मी रोज जिना उतरता उतरता ऐकते. बासऱ्या सुरात नसतात. साइड ड्रमवाली पोरं एकमेकांच्या पुढे धावतात. मोठा ड्रम तेवढा आपल्या जागेवर पडत असतो, आणि माझे पाय मला न विचारता त्याच्या ठोक्यावर पायऱ्या उतरतात. याचा मला राग येतो, पण इलाज नाही. मी बँडवाल्याची मुलगी आहे.

संगीतातलं मला काही कळत नाही, हे आधीच सांगून ठेवते. माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणायचो, फौजेच्या बँडमध्ये बडा ड्रम वाजवायचे. पलटणीत त्याला बडा ड्रमच म्हणतात. तो गळ्यात अडकवला की माणसाला स्वतःचे पाय दिसत नाहीत. ड्रमवाल्याने अंगावर बिबट्याचं कातडं घालायची रीत होती. आम्ही पुण्यातच घोरपडीच्या फौजी लाइनीत राहत होतो तेव्हा हिवाळ्यात ते कातडं बँडच्या खोलीबाहेर उन्हात टाकलेलं असायचं, आणि त्याच्या तोंडात हात घालून दाखवायची आम्हा पोरांची पैज लागायची. पुढे खरं कातडं जाऊन ठिपके छापलेलं मखमली कापड आलं. अण्णा म्हणाले, "वाघ रिटायर झाला. आता आमचा नंबर."

हिवाळा म्हणजे आमच्या घरात पितळ घासायच्या पॉलिशचा वास. परेडचे दिवस जवळ आले की बटणं, बक्कल, पट्ट्याच्या कड्या, सगळं वर्तमानपत्रावर मांडून अण्णा घासत बसायचे. पायमोज्यांवरच्या पांढऱ्या पट्ट्या आई धुवायची आणि पांढरी पूड लावून दोरीवर वाळत घालायची. त्यांना कुणी हात लावला की पाठीत धपाटा ठरलेला. बाहेर मैदानावर धुकं असायचं. त्यातून आधी ड्रमचा आवाज यायचा आणि मग हळूहळू माणसं दिसायची. आता मंडईत मटारचे ढीग लागले, ओल्या हरभऱ्याच्या जुड्या आल्या, की मला तो पॉलिशचा वास आठवतो. भाजीवाल्या बाईशी घासाघीस करताना मध्येच मी गप्प होते आणि ती मला पिशवी पुढे करायची आठवण करून देते.

त्या ड्रमच्या लाकडी अंगावर पलटणीने लढलेल्या लढायांची नावं सोनेरी अक्षरांत रंगवलेली होती. बरीच गावं परदेशातली, वाळवंटातली, कुठल्या तरी नद्यांच्या काठची. अण्णांना ती नकाशावर दाखवता आली नसती, पण क्रमाने तोंडपाठ होती. नवीन लढाईचा मान पलटणीला मिळाला की ड्रमवर नाव चढायचं, आणि ते रंगवायला पेंटर येणार त्या दिवशी अण्णा त्याच्या डोक्यावर उभे राहायचे. "बाकीच्यांचा मान छातीवर," ते म्हणायचे, "माझा पोटावर."

बँडचा इतिहास सांगायला त्यांना निमित्त लागत नसे. इंग्रजांच्या काळात चार बिगुलं आणि दोन ड्रम यांवर सुरुवात झाली. गोऱ्या बँडमास्तरला इथली भाषा येत नव्हती, तो धून तोंडाने गाऊन दाखवायचा आणि चुकणाऱ्याच्या पोटरीवर छडी मारायचा. स्वातंत्र्यानंतर आपल्या धुना आल्या. एका सुभेदाराने लेझमीचा ठेका कूचमध्ये बसवला आणि मोठे साहेब खूश झाले. बँडच्या स्पर्धेची ढाल लागोपाठ इतक्या वर्षी आमच्याकडे आली की बाकीच्यांनी तोंडं वाकडी केली. ड्रम मेजरच्या हातातली चांदीच्या मुठीची काठी तेव्हाचीच. परदेशातही एकदा वाजवून आले, आणि तिथल्या लोकांनी दोनदा पुन्हा वाजवायला लावलं. हे सगळं अण्णा रंगवून सांगायचे. एक वाक्य मात्र नेहमी घाईत उरकायचे: लढाई लागली की बँडवाले वाद्यं कोठीत कुलूपबंद करतात आणि स्ट्रेचर उचलतात.

हे फार कुणाला माहीत नसतं. निवृत्तीनंतर अण्णा समोरच्या शाळेत बँड शिकवू लागले आणि आई-अण्णा माझ्याकडे पेठेत राहायला आले. तेव्हा खालच्या मजल्यावरच्या देशपांडे काकांनी पहिल्याच आठवड्यात जिन्यात चौकशी केली.

"फौजेत होतात म्हणे आपण?"

"हो."

"मग लढाई वगैरे?"

"बँडमध्ये होतो."

"अच्छा, अच्छा. म्हणजे तसा धोका नाही."

अण्णा "नाही" म्हणाले आणि वर आले. दोनच दिवसांत जिन्यात पाटी लागली: 'इमारतीत वाद्ये वाजवू नयेत. वाजवणाऱ्यांनी इतरांचा विचार करावा. विचार करता येत नसल्यास वाजवू नये.' अण्णांनी ती पूर्ण वाचली आणि अक्षर चांगलं आहे म्हणाले.

स्ट्रेचरबद्दल त्यांनी मला एकदाच नीट सांगितलं. लढाईत त्यांच्या जोडीला शिंदे होता, क्लॅरिनेट वाजवणारा, आमच्या शेजारच्याच क्वार्टरातला. स्ट्रेचर उचलून चालताना दोघांनी पाऊल जुळवायचं नसतं. जुळलं की स्ट्रेचर पाळण्यासारखं झुलतं आणि वरच्या जखमी माणसाचे हाल होतात. "सगळी उमर आम्हाला एका पावलाने चालायला शिकवलं," अण्णा म्हणाले, "आणि तिथं मुद्दाम पाऊल तोडून चालायचं. दर थोड्या वेळाने आमचं पाऊल आपोआप जुळायचं आणि वरचा माणूस ओरडायचा. मग शिंदे मला पुढून शिव्या द्यायचा." एका खेपेला शिंदेच्याच पोटात लोखंडाचा तुकडा शिरला. त्याला आणायला दुसरी जोडी गेली. तो पुण्याच्या मिलिटरी हॉस्पिटलात काही महिने काढून, थंडीतच गेला. ज्या लढाईत त्याला ते लागलं तिचं नाव पुढे ड्रमवर चढलं आणि अण्णा ते पोटावर घेऊन निवृत्तीपर्यंत चालले.

अण्णांची शेवटची थंडी मला अशी तुकड्यातुकड्यांत आठवते. हृदय थकलं होतं. डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं, म्हणजे काय ते आम्हाला कळलं. खिडकीशी खाट टाकली. सकाळी कोवळं ऊन त्यांच्या पायांवर यायचं आणि समोरून शाळेचा सराव ऐकू यायचा. पोरं चुकली की त्यांच्या कपाळाला आठी पडायची. आई भाताची पेज भरवायची आणि ते तोंड मिटून घ्यायचे. मग आई म्हणायची, "पोरांचा राग माझ्या पेजेवर काढू नका." दुपारी त्यांचे जुने सोबती कदमकाका यायचे. कदमकाका बँडमध्ये ट्रंपेट वाजवायचे. दोघं बोलायचे कमी आणि खोकायचे जास्त.

एका दुपारी अण्णा म्हणाले, "कदम, माझ्या वेळेला बँड पाहिजे."

"फौजेचा मिळत नाही रे. नोकरीत असताना गेलास तर मान. घरी गेलेल्या हवालदाराला कोण देतं?"

"फौजेचा कोण मागतंय? आपली माणसं आहेत की पुण्यात. जाताना संथ, येताना जलद. रीतीप्रमाणे."

ही रीत मला माहीत होती. फौजेत माणसाला पोचवायला निघतात तेव्हा ड्रमवर काळं कापड टाकतात. आवाज दबतो, आणि बँड संथ पावलाने, संथ धून वाजवत जातो. सगळं आटोपलं की तिथेच कापड काढतात आणि परतताना जलद, जवळजवळ आनंदी म्हणावी अशी धून वाजवत छावणीत येतात. बाहेरच्या माणसाला हे ऐकून धक्का बसतो. मी लहानपणी अण्णांना विचारलं होतं, तेव्हा ते म्हणाले होते, "गेलेल्याला विसरायला नाही वाजवत. राहिलेल्यांना संध्याकाळी परत ड्यूटीवर उभं राहायचं असतं. त्यांचे पाय चालते झाले पाहिजेत, म्हणून."

आई आत मटार सोलत होती. ती तिथूनच बोलली, "येताना काही वाजवायचं न्हाई."

"अगं, रीत आहे ती."

"तुमची रीत मी सुमनच्या दारात बसून ऐकलीय. मी हाय तवर ती धून माझ्या कानावर पडायची न्हाई."

सुमन म्हणजे त्या शिंदेची बायको. शिंदेला पोचवायला सगळी पलटण गेली तेव्हा माझी आई, नवीन लग्न झालेली, सुमनला धरून तिच्या क्वार्टरात बसली होती. बऱ्याच वेळाने रस्त्यावरून ती जलद धून येऊ लागली. सुमन सकाळपासून एक शब्द बोलली नव्हती. ती मान वर करून म्हणाली, "कुणाचं लगीन हाय का गं?" आणि तिच्या नवऱ्याला पोचवून आलेला बँड तिच्या दारावरून वाजत पुढे गेला. त्यात बडा ड्रम माझ्या बापाचा होता. हे सगळं पुढे सुमननेच त्यांना सांगितलं, आईने पन्नास वर्षांत कधी बोलून दाखवलं नव्हतं, असं कदमकाका मला नंतर जिन्यात म्हणाले. बोलून दाखवायची गरजही नव्हती. रेडिओवर तसली धून लागली की ती उठून बटण बंद करायची, हे आम्ही जन्मापासून पाहिलं होतं.

अण्णांनी खिडकीकडे तोंड वळवलं. मग म्हणाले, "तसं असेल तर बँडच नको, कदम. जाताना वाजवायचं आणि येताना मुकाट यायचं, म्हणजे माणसं तिथंच बसून राहिल्यासारखं होतं. अर्धं काम मला नको."

नंतर काही दिवस त्या दोघांचा अबोला होता. आजारी माणसाशी अबोला धरता येतो हे मला तेव्हा कळलं. आई सगळं करायची, अंग पुसायची, औषध द्यायची, फक्त बोलायची नाही. मी मध्ये होते. मला आईचं पटत होतं आणि अण्णांचंही पटत होतं. मी लॅबमध्ये जाऊन लोकांच्या शिरा शोधायची आणि घरी आल्यावर दोघांपैकी कुणाच्याच तोंडाकडे बघायची नाही. शेवटी आईच एका सकाळी त्यांच्या पायांवर शाल घालता घालता म्हणाली, "बघू तवाचं तवा." अण्णांनी मान हलवली. याला होकार समजायचं की नकार, हे त्यांनी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही.

सव्वीस जानेवारी अगदी तोंडावर आली असताना, सकाळी, सरावाची वेळ व्हायच्या आधी अण्णा गेले.

कदमकाका आले ते माणसं घेऊनच. सगळे निवृत्त. कुणी लग्नाच्या बँडमध्ये, कुणी सोसायटीच्या गेटवर, कुणी नातवंडं सांभाळत घरी. सगळ्यांच्या अंगात जुने निळे कोट होते, काहींची बटणं पोटावर लागत नव्हती, पण जी लागत होती ती चकचकीत घासलेली होती. शाळेने आपला मोठा ड्रम दिला होता. त्यावर लढायांची नावं नव्हती, शाळेचं बोधवाक्य होतं. कदमकाका आईपुढे ताठ उभे राहिले.

"वहिनी, तुमची ऑर्डर काय?"

"जाताना वाजवा. नीट पोचवा त्यांना."

"आणि येताना?"

"येताना घरी या."

कदमकाका समजले. त्यांनी बाकीच्यांना खुणेनेच सांगितलं. भंतेजींनी त्रिशरण-पंचशील घेतलं, आम्ही पांढऱ्या कपड्यांत खाली उतरलो. बडा ड्रम कुणी वाजवायचा नाही असं त्या लोकांचं आपसांत ठरलं होतं. एकाने तो गळ्यात अडकवला, वरून काळं कापड घातलं, आणि न वाजवता तो अण्णांच्या मागे चालला. ड्रमच्या काठ्या आईने अण्णांच्या उशाशी ठेवल्या. संथ धून सुरू झाली. पेठेतले लोक गॅलरीत आले. देशपांडे काका रस्त्याच्या मधोमध उभे राहून स्कूटरवाल्यांना अडवत होते. "दिसत नाही का? फौजेचा माणूस चाललाय," असं एका पोराला दरडावल्याचं मी ऐकलं. त्यांच्या त्या दोन शब्दांनी मला भडभडून आलं. मी तोवर रडले नव्हते.

नदीकाठच्या स्मशानभूमीत सगळं आटोपलं. काठ्या अण्णांच्या बरोबर गेल्या. आम्ही बाहेर आलो. कदमकाकांच्या लोकांनी सवयीने ड्रमवरची काळी कापडं काढली, घड्या घातल्या, रांगा धरल्या. मुकाट चालत परतायचं ठरलेलं होतं. कदमकाकांनी चालायचा हुकूम दिला. आणि हुकूम कानावर पडताच साइड ड्रमवाल्याच्या हातांनी ठेका दिला. कापड काढलं, रांग धरली, हुकूम झाला, की ठेका द्यायचा, हेच त्या हातांनी आयुष्यभर केलं होतं. ठेका पडला म्हणताच ट्रंपेटं वर गेली, क्लॅरिनेटं तोंडाला लागली, आणि सगळा बँड परतीची धून वाजवत चालू लागला. कदमकाकाही वाजवत होते. त्यांचे डोळे मात्र आईकडे लागले होते आणि ते भीतीने विस्फारले होते.

आईने माझा दंड धरला. तिची बोटं रुतली. "थांबव त्यांना," ती म्हणाली.

मी पळत कदमकाकांजवळ गेले आणि थांबा म्हणाले. त्यांनी मान हलवली, पण ओठांवरून ट्रंपेट काढलं नाही. काढता येत नव्हतं. चालता बँड थांबवायची एकच रीत असते: बड्या ड्रमने ठरलेल्या जागी दोन टोले द्यायचे. ते दोन टोले ऐकले की सगळे एकदम थांबतात. त्याच्याशिवाय आपल्या मनाने वाद्य खाली करणं म्हणजे रांग सोडून पळून जाण्याइतकं वाईट. आणि बडा ड्रम ज्याच्या गळ्यात होता त्याच्याकडे काठ्या नव्हत्या. शिवाय अण्णांच्या जागी तो कुणी वाजवायचा नाही, असं त्यांचंच ठरलेलं. धून संपायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायची.

मी परत आईजवळ आले. ती रस्त्याच्या कडेने, बँडपासून फटकून चालत होती. लोक दुकानांतून डोकावत होते. एका बाईने हसून दुसरीला काही विचारलं आणि पुढची पांढऱ्या कपड्यांतली माणसं पाहून ती चपापली. आईने ते पाहिलं. मला वाटलं, आता ही इथेच बसते. पण ती चालत राहिली. पेठेत वळलो तेव्हा माझं लक्ष गेलं, तिचं पाऊल बँडच्या पावलात पडत होतं आणि ती रडत होती. पदर तोंडाला न लावता, सगळ्यांसमोर, चालता चालता रडत होती. सकाळपासून ती दगडासारखी होती, म्हणून मला बरंच वाटलं.

आम्ही दारात आलो. बँडही आला. हुकुमाशिवाय पुढे जाता येईना आणि टोल्यांशिवाय थांबता येईना, म्हणून ते सगळे म्हातारे आमच्या दारापुढे जागच्या जागी पाय आपटत वाजवत राहिले. कुणाला दम लागला होता, एकाचा चेहरा लालबुंद झाला होता. कदमकाकांच्या गालांवरून घाम की डोळ्यांतलं पाणी ते कळत नव्हतं. थांबायला कुणी तयार नव्हतं.

आई वळली. ती बड्या ड्रमपुढे जाऊन उभी राहिली. ज्याच्या गळ्यात तो होता त्या माणसाकडे तिने पाहिलंही नाही. तिने धून पुरी व्हायची वाट पाहिली. नेमकी जागा तिला ठाऊक होती, लाइनीतल्या सरावात आणि पुढे रेडिओ बंद करण्यासाठी पन्नास वर्षं तिने तीच धून ऐकली होती. आणि मूठ वळून तिने ड्रमवर दोन टोले मारले.

बँड थांबला.

कदमकाकांनी ट्रंपेट खाली केलं. "वहिनी," ते म्हणाले, "चूक झाली. माफ करा."

आईचा हात अजून ड्रमवरच होता.

"चूक तवा झाली व्हती," ती म्हणाली. "सुमनच्या दारात कुणी थांबलं न्हाई."

कदमकाकांनी मान खाली घातली. बाकीचेही तसेच उभे राहिले. आईने डोळे पुसले आणि त्या सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं.

"आज थांबलात," ती म्हणाली. "चला वर."